टँकमध्ये शेवाळ का धरतं: कोकणातल्या हवापाण्याचा हिशेब

फिशटँकमध्ये झाडं लावली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर येतो. महिन्याभरात पानांच्या कडांना हिरवे केस फुटतात आणि माणूस दुकानात जाऊन विचारतो, "अल्गीवर औषध आहे का?" औषध असतं आणि दुकानदार ते देतोही. पण शेवाळ बाहेरून आलेला रोग नव्हे. झाडाच्या देठावर, गोगलगायीच्या शंखावर, विहिरीच्या पाण्यात, उघड्या खिडकीतून येणाऱ्या धुळीत ते असतंच. शेवाळाचा अंशही नाही असा टँक तुम्हाला कुठेच सापडणार नाही. काही टँकमध्ये ते डोळ्यांना दिसण्याइतकं वाढतं, काहींत वाढत नाही. कोकणात ते वाढायला कोणकोणती कारणं मिळतात, आणि त्यातली आपल्या हातातली कोणती, ते इथे पाहू.

शेवाळाचं आणि झाडांचं खाणं एकच. दोघांना उजेड लागतो, कार्बन लागतो, नत्र, स्फुरद, पालाश, लोह लागतं. शेवाळाची पेशी बारीक, त्यामुळे आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा. पाण्यात जे काही विरघळलेलं असेल ते तिला चहूबाजूंनी मिळतं. पानाचं तसं नाही. पानाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो आणि कार्बन डायऑक्साइडला त्या थरातून आत शिरावं लागतं. हवेत हा वायू ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यात पसरतो. शिवाय पाण्यात तो असतोही थोडाच. ज्या टँकमध्ये वेगळा वायू सोडलेला नाही, त्याच्या पाण्यात हवेतून जो मुरतो तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. पाण्याखालचं झाड कार्बनसाठी कायमच अर्धपोटी. अशा झाडावर आणखी प्रखर उजेड सोडला तर त्याची भूक वाढते, घास मात्र तेवढाच राहतो. झाडाची वाढ अडते, शेवाळाची अडत नाही.

तरी झाडांची एक बाजू बळकट आहे. झाडाकडे साठा असतो. मुळांत, कंदात, देठात अन्न राखून ठेवलेलं असल्यामुळे चार दिवस वाईट गेले तरी ते तग धरतं. धडधाकट पानावर शेवाळ सहसा बसत नाही, कमजोर पानावर लगेच बसतं. अशा पानातून शर्करा आणि नत्राची संयुगं पाण्यात झिरपत असतात. शेवाळ पहिल्यांदा कुठे दिसलं ते नीट पाहा: खालच्या, जुन्या, पिवळट पानांच्या कडांवर. वरच्या कोवळ्या कोंबांवर ते क्वचितच असतं. शेवाळ कुठे बसलं यावरून कुठलं झाड आजारी आहे ते कळतं, म्हणून ते खरवडण्याआधी दोन मिनिटं बघत बसावं.

खत तोडण्याचा जुना सल्ला

"पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की शेवाळ येतं, म्हणून खत बंद करा," हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो आला तलावांच्या अभ्यासातून, आणि तिथे तो खराच आहे. सांडपाण्यातून, शेतातून स्फुरद वाहून आलं की तलाव हिरवे होतात. पण उथळ तलाव दोन स्थितींत टिकतात हेही त्याच अभ्यासांतून पुढे आलं. तळाशी भरपूर पाणवनस्पती असतील तर पाणी नितळ राहतं, त्या गेल्या की तेवढ्याच खतावर ते हिरवं गढूळ होऊन बसतं. मग केवळ खताकडे बोट दाखवून भागत नाही.

अमेरिकेतल्या टॉम बार यांनी टँकपुरता हा मुद्दा धसाला लावला. झाडांनी भरलेल्या, कार्बन व्यवस्थित मिळणाऱ्या टँकमध्ये त्यांनी मुद्दाम भरपूर नायट्रेट-फॉस्फेट घातलं, तरी शेवाळ उसळलं नाही. त्यांच्या पद्धतीत नायट्रेट ५ ते ३० पीपीएम (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट १ ते ३ पीपीएम ठेवायचं आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे जास्तीचं साचत नाही. उलट, फॉस्फेट शून्यावर आणलेल्या टँकमध्ये काचेवर आणि अनुबियाससारख्या संथ झाडांच्या पानांवर हिरवे टणक ठिपके धरतात, जे ब्लेडशिवाय निघत नाहीत. खत तोडलं की शेवाळाच्या आधी झाडं उपाशी मरतात.

या सगळ्यात अमोनिया वेगळा धरायला हवा. तो साचू देणं मात्र खरोखर महागात पडतं. झाडंही त्यावर जगतात, पण फिल्टरमधल्या जिवाणूंची वसाहत अजून बसलेली नाही, टँकमध्ये झाडं थोडी आहेत आणि वर दिवा जळतो आहे, अशा वेळी अमोनिया शेवाळाला आयतं जेवण ठरतो. नव्या टँकमध्ये नेमकं हेच होतं. म्हणून तळाच्या मातीत शेणखत घालण्याची हौस करू नये. शेणखताने टँक हिरव्या पाण्याचं डबकं होतो.

शेणखताशिवायची आपली लाल माती मात्र उत्तम. तिच्यात लोह मुबलक असतं. वर दीड-दोन इंच धुतलेली नदीची वाळू घातली की मुळं खाली जाऊन जेवतात आणि माती पाण्यात उठत नाही. १९८०च्या दशकात युरोपातली हौशी मंडळी टँकच्या तळाशी घालायला लॅटेराइट विकत घेत होती, तो म्हणजे आपला जांभाच. (लॅटेराइट हे नाव १८०७ मध्ये मलबारातला जांभा पाहून फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने दिलं. १८२२ मध्ये याच गृहस्थाने गंगेतल्या माशांच्या वर्णनात झेब्रा डॅनिओची शास्त्रीय नोंद केली. टँकच्या तळाचं आणि टँकमधल्या माशाचं नामकरण एकाच माणसाने केलेलं आहे.) लोहाची संयुगं स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे या मातीतलं स्फुरद पाण्यात फारसं उतरत नाही. काचेवर हिरवे ठिपके दिसायला लागले तर बाहेरून थोडं फॉस्फेट द्यावं लागतं, एवढं लक्षात ठेवायचं.

आधी दिवा

एकच गोष्ट बदलायची मुभा असेल तर मी उजेड कमी करायला सांगेन. त्याला खर्च नाही आणि त्याने काही मरत नाही. झाडं किती खाणार, किती वेगाने वाढणार आणि चूक झाली तर ती किती लवकर अंगावर येणार, हे सगळं उजेड ठरवतो. मंद उजेडातला टँक चुका पोटात घालतो. प्रखर उजेडातल्या टँकमध्ये एक आठवडा खत द्यायला विसरलं तरी हिशेब चुकता होतो.

नव्या टँकला दिवसाला ६ तास दिवा पुरे. दोनेक महिन्यांनी झाडं रुळली की ७-८ तास. त्यापुढे जायची गरज घरगुती टँकला नसते. दिवा टायमरवर हवा, कारण "संध्याकाळी पाहुणे आले म्हणून चालू ठेवला" असे तास मोजले जात नाहीत. बाजारातले बरेच एलईडी उथळ टँकसाठी गरजेपेक्षा जोरकस असतात. डिमर नसेल तर दिवा वीतभर वर टांगावा, किंवा पिस्टिया, साल्विनियासारखी तरंगती झाडं पसरू द्यावीत. तरंगत्या झाडांची पानं हवेत असल्याने त्यांना कार्बनची ददात नसते, म्हणून ती पाण्यातलं नत्र झपाट्याने ओढतात आणि खाली सावलीही करतात.

खिडकीचा उजेड लोक मोजत नाहीत, आणि कोकणातल्या घरांत तो मोजायलाच हवा. भर उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो, टँकवरचा दिवा तळाशी काही हजार लक्स देतो. तासभर तिरीप पडली तर तुमच्या टायमरला काही अर्थ राहत नाही. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पूर्वार्धात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. मग पावसाळा, मळभ. या काळात त्या खिडकीशी ठेवलेला टँक छान वागतो. सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, ढग हटतात, आणि दिवाळीच्या आसपास तेच ऊन तिरपं होऊन थेट काचेवर येतं. "सहा महिने काही नव्हतं, अचानक हिरवं झालं" ही ऑक्टोबरातली तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते. टँक हलवा, नाहीतर मागच्या आणि बाजूच्या काचेला काळा कागद लावा. पडवीत टँक ठेवण्याचा मोह तर टाळलेलाच बरा.

उकाडा

परदेशातले व्हिडिओ पाहून टँक लावणाऱ्यांची इथे गफलत होते. तिथलं पाणी २३-२४ अंशांवर असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ते सहज ३० च्या वर जातं आणि रात्रीही फारसं उतरत नाही. पाणी तापलं की झाडाचा श्वसनाचा खर्च वाढतो आणि प्रकाशसंश्लेषणातून होणारी कमाई त्या प्रमाणात वाढत नाही. नुसतं जगण्यासाठी झाडाला जास्त उजेड आणि जास्त कार्बन लागतो, आणि गरम पाण्यात वायू तर कमी विरघळतो. ऑक्सिजनचंच बघा: २५ अंशांच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३१ अंशांना ७.४ च्या आसपास. सडण्याची क्रियाही उकाड्यात वेगाने चालते. उरलेलं खाणं, गळलेली पानं यांचं लवकर अमोनियात रूपांतर होतं.

टँकवर छोटा पंखा लावून पाणी गार करण्याची युक्ती देशावर झकास चालते, कारण तिथली हवा कोरडी आणि बाष्पीभवन जोरात. किनाऱ्यावर हवेतच ओल भरलेली असते, त्यामुळे पंख्याने एखाद-दोन अंश उतरले तरी पुष्कळ. चिलर महाग. मग उपाय उरतो तो ऋतूप्रमाणे टँक चालवण्याचा. एप्रिल-मे मध्ये दिवा तासभर कमी करायचा, माशांचं खाणं कमी करायचं, छाटणी आणि पाणी बदलणं वाढवायचं, पृष्ठभागावर लाट उठती ठेवायची. आणि ज्या झाडांना उकाडा मानवतो ती लावायची.

अशी झाडं आपल्याच भागात आहेत. वॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम गावच्या तळ्यांत मिळतात आणि वाढीला खादाड असतात. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती कोकणातल्या ओढ्या-व्हाळांच्या काठी निसर्गतःच वाढतात, पण त्यातली क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा फक्त या पट्ट्यात सापडते, म्हणून काठावरची झाडं उपटून आणू नयेत. नर्सरीत वाढवलेल्या जाती स्वस्तात मिळतात. सड्यावरच्या डबक्यांतल्या रोटाला या पाणवनस्पतींच्या बाबतीतही तेच.

झाडं पहिल्या दिवसापासून दाट लावा, बाकी सगळ्या युक्त्या नंतर. भाताची लावणी करताना रोपं उंच आणि दाट असली की तणाला डोकं वर काढायला जागा राहत नाही, विरळ लावली तर निंदणीत कंबर मोडते. टँकचं तसंच. दोन काड्या इथे, एक तिथे, "वाढतील हळूहळू" म्हणून सोडलेला टँक शेवाळाच्या ताब्यात जातो. सुरुवातीला तळाचा निदान अर्धाअधिक भाग झाडांनी झाकावा, त्यात निम्मी तरी भराभर वाढणारी हवीत. नर्सरीतली बरीच झाडं हवेत वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर त्यांची जुनी पानं दोन-चार आठवड्यांत विरघळतात आणि पाण्याखाली जगणारी नवी पानं येतात. ती कुजकी पानं रोजच्या रोज काढली नाहीत, तर तुम्हीच शेवाळाला खत घालत आहात.

सीओटू कमी चालेल, डळमळता नको

सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड देत असाल तर लक्ष्य ३० पीपीएमच्या आसपास ठेवतात. पाण्याचा केएच (विरघळलेल्या कार्बोनेटचं मोजमाप, जे पीएच सावरून धरतं) आणि पीएच माहीत असेल तर अंदाज काढता येतो: केएचला ३ ने गुणा, मग ७ मधून पीएच वजा करून जो आकडा येईल तितक्या १० च्या घाताने गुणा. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर साधारण ३०. हे गणित नको असेल तर काचेचा छोटा ड्रॉप चेकर लावा. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे मासे धापा टाकायच्या बेतात. तो तासा-दोन तासांपूर्वीची स्थिती दाखवतो, आत्ताची नाही. वायू दिव्याच्या दीड-दोन तास आधी सुरू आणि दिव्याच्या थोडा आधी बंद व्हायला हवा.

काळे ब्रशसारखे झुबके, दुकानात ज्याला बीबीए म्हणतात, ते या वायूच्या चढउतारावर पोसतात. आज ३०, उद्या सिलिंडर संपला म्हणून ५, परवा पुन्हा ३०. झाड स्वतःची यंत्रणा एका पातळीला जुळवून घेतं, तोवर पातळी बदललेली असते. साखर-यीस्टची बाटली म्हणूनच मला पटत नाही. यीस्ट उकाड्यात फसफसतं, थंडीत मंदावतं, रात्री थांबत नाही आणि दोन आठवड्यांत दमतं. वायू देणं जमणार नसेल तर अजिबात न देता मंद उजेडात टँक चालवणं कितीतरी सोपं. कोकणातल्या बहुतेक घरांना मी तोच टँक सुचवेन, कारण लाईटचा भरवसा नाही.

जोराचा पाऊस, तारेवर पडलेली फांदी, आणि रात्रभर अंधार हे इथे दरवर्षीचं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. झाडांना तीन-चार दिवसांचा अंधार सोसतो. फिल्टरला सोसत नाही. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबलं की आतले जिवाणू काही तासांत ऑक्सिजन संपवतात आणि मरायला लागतात. लाईट आली की तीच घाण टँकमध्ये परत येते, अमोनिया चढतो, आणि आठवड्याने काचेवर शेवाळ दिसतं. तोवर लाईट गेल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून मग सुरू करा.

विहीर, नळ, पागोळ्या

जांभ्याच्या भागातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असतं. झाडांना ते आवडतं, पण केएच फारच कमी असेल तर पीएच पटकन खाली घसरतो. तिसऱ्यांचे शिंपले स्वच्छ उकळून, कापडी पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवले की ते आम्ल पाण्यात हळूहळू विरघळून केएच सावरतात. उलट खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्याच्या अखेरीला मचूळ होतात. ते पाणी मऊ पाण्यातल्या झाडांना सोसत नाही आणि शेवाळाला सोसतं. अशा महिन्यांत वरच्या वाडीतून दोन कॅन पाणी आणणं परवडतं.

पावसाळ्यात साथी येऊ नयेत म्हणून ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, नळयोजनेच्या पाण्यातही क्लोरीन असतंच. ते गरजेचं आहे, पण त्या दिवशीचं पाणी थेट टँकमध्ये ओतलंत तर फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि मासेही तडफडतात. दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट आधी बादलीत घाला, मग पाणी टँकमध्ये घ्या. पागोळ्यांचं पाणी वापरायचं तर सुरुवातीचे काही पाऊस जाऊ द्यावेत, म्हणजे कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन जाते. पावसाच्या पाण्यात केएच जवळजवळ नसतो, म्हणून ते विहिरीच्या पाण्यात मिसळूनच वापरावं. आठवड्याला एक-तृतीयांश ते निम्मं पाणी बदला. नवा टँक असेल तर पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा.

कोणतं शेवाळ काय सांगतं

नव्या टँकमधला तपकिरी थर म्हणजे डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. पुसा आणि विसरा, महिन्या-दोन महिन्यांत ते आपोआप जातात. हिरवे केस बहुतेकदा जास्त उजेडाचे. जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा आणि दिवा कमी करा. पाणीच हिरवं झालं असेल तर पाणी बदलून उपयोग नाही, उरलेल्या पेशी दोन दिवसांत पुन्हा तेवढ्याच होतात. त्यावर यूव्ही दिवा किंवा पूर्ण अंधार.

बीबीए मात्र चिवट. हे हिरव्या नव्हे, लाल शेवाळांच्या कुळातलं. मेलं की हिरवा रंग आधी उडतो आणि ते गुलाबी-लालसर दिसायला लागतं, त्यावरून उपाय लागू पडला हे कळतं. धरलेली पानं कापून टाका. दगड-लाकडावरच्या झुबक्यांवर फिल्टर बंद करून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट सोडा, पाच-दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा. १०० लिटरला एका वेळी ४० मिलीच्या वर जाऊ नका. हे झालं तात्पुरतं. पाण्याचा प्रवाह, वायूची स्थिरता आणि तळातली घाण सुधारली नाही तर महिन्याभराने ते हजर.

निळसर-हिरवी, बुळबुळीत चादर तळावर पसरत असेल आणि काढताना कुबट वास येत असेल, तर ते शेवाळ नाहीच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. त्यातले काही हवेतून विरघळलेलं नत्र स्वतः वापरू शकतात, म्हणून नायट्रेट शून्यावर आलेल्या, पाणी न फिरणाऱ्या कोपऱ्यांत ते हमखास दिसतात. शेवाळ खाणारे मासे त्याला तोंड लावत नाहीत. चादर नळीने ओढून घ्या, टँक तीन दिवस गोणपाटाने पूर्ण झाका, हवेचा पंप चालू ठेवा, मग निम्मं पाणी बदला आणि थोडं नायट्रेट द्या. एरिथ्रोमायसिनने ते मरतं हे खरं, पण घरातल्या टँकसाठी प्रतिजैविक वापरणं मला मान्य नाही.

शेवाळ खाणारे, आणि विकले जाणारे

दुकानात "काच साफ करतो" म्हणून जो सकर देतात तो बोटाएवढा असतो. वाढून तो फूटभराच्या पुढे जातो, झाडं उपटतो आणि जेवढं साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. "अल्गी ईटर" नावाने मिळणारा सोनेरी चायनीज मासा मोठा झाल्यावर इतर माशांच्या अंगाला चिकटायला लागतो. बीबीए खाणारा खरा मासा म्हणजे सयामीज अल्गी ईटर, तोही तरुणपणीच. ओटोसिंक्लस आणि जपानी अमानो कोळंबी उत्तम काम करतात, पण दोघांनाही आपला मे महिना जड जातो. टँक २८ अंशांच्या खाली राहत नसेल तर पैसे घालवू नका. उकाड्यात टिकणारं नाव म्हणजे नेराइट गोगलगाय. तिची अंडी गोड्या पाण्यात उबत नाहीत, त्यामुळे तिची पैदास होऊन टँक भरत नाही. पांढरे ठिपके तेवढे लाकडावर सोडते. पऱ्ह्यातल्या दगडांना चिकटून शेवाळ खरवडणारे गॅरा मासे पाहून ते आणावेसे वाटतात, पण त्यांना खळाळतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. साध्या टँकमध्ये ते कुढत जगतात.

औषधांच्या बाटल्या

"लिक्विड कार्बन" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत ग्लुटारल्डिहाइड किंवा त्याचं भावंड असतं. ग्लुटारल्डिहाइड हॉस्पिटलमध्ये उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. बीबीए त्याने मरतं, पण वॅलिसनेरियाही वितळते, आणि त्याची वाफ माणसाच्या डोळ्यांना, छातीला चांगली नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

कोकणात आणखी एक धोका घरातच असतो. सुपारीच्या कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणून पडवीत मोरचुदाचा डबा असतोच. मोरचुदाने शेवाळ मरतं हे सगळ्यांना ठाऊक. पण तांब्याचं विष मऊ पाण्यात जास्त चढतं, आणि आपलं पाणी मऊच. कोळंबी आणि गोगलगाई लगेच जातात, मागोमाग मासे आणि झाडं. चिमूटभरसुद्धा नको. फवारणी झालेल्या बागेतल्या छपरावरून उतरलेलं पाणीही टँकला नको. तुरटीने गढूळ पाणी निवळतं, स्फुरदही खाली बसतं, पण मऊ पाण्यात तुरटी पीएच धाडकन पाडते. प्यायच्या हंड्यात फिरवतात तशी ती टँकमध्ये फिरवू नये.

छाटलेली हायड्रिला, जास्तीचा पिस्टिया, कंटाळा आलेला सकर यांतलं काहीही व्हाळात, तळ्यात किंवा देवळाच्या पुष्करणीत सोडू नका. सकर देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरलेला आहे आणि तिथून तो काढता येत नाही. मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. झाडं उन्हात पूर्ण वाळवून नारळाच्या आळ्यात टाका, आणि टँकमधून काढलेलं पाणीही तिथेच ओता. त्यात नत्र असतं, माडाला ते चालतं.